शेवटचा प्रोसेसर आधी ठरवा

प्रश्न : सोलापुरात माझं डिझायनिंगचं छोटं दुकान आहे. दिवसा फ्लेक्स, पत्रिका, लग्नाचे अल्बम आणि रात्री दोन फोटोग्राफर मित्रांच्या लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग. कॉम्प्युटर २०१७ सालचा आहे : आय५-७४०० प्रोसेसर, एच११० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि नंतर टाकलेलं जीटीएक्स १६५० कार्ड. मित्रांनी गेल्या वर्षी नवे कॅमेरे घेतले. ते ४के, एच.२६५, १० बिट ४:२:२ मध्ये शूट करतात. तेव्हापासून प्रीमियर प्रोची टाइमलाइन जागची हलत नाही. मागे एकदा नुसता प्रोसेसर बदलायला गेलो, तर ‘सॉकेटचं नाव तेच आहे, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर तुमच्या बोर्डावर चालणार नाही’ असं उत्तर मिळालं. फसल्यासारखं वाटलं. आता दुकानदार म्हणतो, एच६१० बोर्ड आणि आय३-१२१००एफ घ्या, पुढे त्यावरच आय७ टाका. भाचा म्हणतो, एएमडीचं एएम५ घे मामा, २०२७ पर्यंत काळजी नाही. एकदम सगळे पैसे घालणं मला शक्य नाही. आज लहान प्रोसेसर आणि दोन वर्षांत मोठा, असा बेत आहे. बोर्ड कोणता घेऊ?

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

‘फसल्यासारखं वाटलं’ हे तुमचे शब्द वाचून वाईट वाटलं, कारण त्यात तुमची काहीच चूक नव्हती. तुमच्या बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, एलजीए ११५१. ते २०१५ मध्ये सहाव्या पिढीबरोबर आलं आणि सातवी पिढीही त्यावरच चालली. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली, तिच्याही पिना ११५१च होत्या. पण इंटेलने वीजपुरवठ्याच्या पिनांची वाटणी बदलली आणि ३०० मालिकेचे नवे बोर्ड सक्तीचे केले. प्रोसेसर सॉकेटात बसतो, पण मशीन सुरू होत नाही. खोक्यावरचा ‘११५१’ हा आकडा बघून खरेदी केलेल्या कितीतरी लोकांना तेव्हा हाच अनुभव आला.

त्यामुळे या वेळी ‘सॉकेट कोणतं’ या प्रश्नापाशी थांबू नका. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालायचा असेल तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. सॉकेट ही पहिली. दुसरी बायॉस : बोर्डातल्या त्या छोट्या प्रोग्रॅमला नव्या प्रोसेसरची ओळख असावी लागते. तिसरी वीज, म्हणजे तो प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण जोरात चालला तर त्याला लागणारा करंट बोर्डाला न तापता पुरवता आला पाहिजे. दुकानात पहिल्या गोष्टीची चौकशी सगळे करतात, दुसरीची थोडे. तिसरीबद्दल सहसा कुणी विचारत नाही, आणि तुमच्यासारख्या रात्रभर एक्स्पोर्ट लावून ठेवणाऱ्या माणसासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

म्हणून माझं सांगणं असं, की या बोर्डावर शेवटी कोणता प्रोसेसर बसवायचा ते आधी ठरवा, त्याला पेलेल असा बोर्ड घ्या, आणि मग आजच्या खिशाला परवडेल तो लहान प्रोसेसर त्यावर बसवा. दुकानदाराचा प्रस्ताव याच्या बरोबर उलटा आहे. त्याने आजच्या आय३ला साजेसा बोर्ड काढलाय आणि आय७ची फक्त आशा दाखवली आहे.

बोर्डाकडे वळण्याआधी तुमच्या दुखण्याचं मूळ पाहू. टाइमलाइन अडकते म्हणजे प्रोसेसर लहान पडतो, असं तुम्ही धरून चालला आहात. ते अर्धंच खरं आहे. एच.२६५ची फाइल फार घट्ट दाबून भरलेली असते. ती उलगडायला प्रोसेसरच्या किंवा ग्राफिक्स कार्डच्या आत त्याच कामासाठी केलेला एक वेगळा भाग असतो. तो कामाला लागला की चित्र सहज पुढे सरकतं. पण ४:२:२ हा रंगांची जास्त माहिती साठवणारा प्रकार तुमच्या जीटीएक्स १६५०च्या त्या भागाला उलगडता येत नाही, आणि आय५-७४००मध्ये असलेल्या ग्राफिक्सलाही नाही. मग सगळा भार प्रोसेसरच्या चार कोअरवर येतो आणि ते धापा टाकतात. एनव्हिडियाने ४:२:२ उलगडण्याची सोय आरटीएक्स ५० मालिकेत आणली. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला मात्र एच.२६५चं ४:२:२ अकराव्या पिढीपासून जमतं.

आता दुकानदाराने सुचवलेला आय३-१२१००एफ पाहा. नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे, म्हणजे त्यात ग्राफिक्स चालत नाही. हजार-दोन हजार रुपये वाचतील, पण ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही रात्री जागताय तीच हातातून जाईल. तुमच्यासाठी ‘एफ’ नसलेला प्रोसेसर हवा, ही गोष्ट कागदावर लिहून खिशात ठेवा. हाच नियम पुढच्या मोठ्या प्रोसेसरलाही लागू.

एक शंका मित्रांकडून आधी दूर करून घ्या. बऱ्याच कॅमेऱ्यांत एच.२६५ आणि एच.२६४ असे दोन्ही पर्याय असतात आणि काहींत दोन्हींत १० बिट ४:२:२ मिळतं. सोनीच्या कॅमेऱ्यात पहिल्याचं नाव एक्सएव्हीसी एचएस, दुसऱ्याचं एक्सएव्हीसी एस. बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या इंटेलची मदत एच.२६५ला होते, ४:२:२ मधल्या एच.२६४ला होत नाही. मित्रांपैकी एकजण जरी एच.२६४वर शूट करत असेल तर त्याला सेटिंग बदलायला सांगा. यात एक पैसाही खर्च होत नाही.

तर शेवटचा प्रोसेसर कोणता? एलजीए १७०० सॉकेटवर बाराव्या पिढीपासून चौदाव्यापर्यंत तीन पिढ्या आल्या, २०२१ च्या नोव्हेंबरपासून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत. तुमच्यासाठी मी वरचं टोक आय७-१४७०० धरतो, ‘के’ (वेग आणखी चढवता येणारा) नसलेला आणि ‘एफ’ही नसलेला. त्यात २० कोअर आहेत, ८ मोठे आणि १२ छोटे. आज घ्यायचा आय५-१२४००, त्यात ६ मोठे कोअर. आणखी एक फरक दुकानात कुणी सांगणार नाही : व्हिडिओ उलगडणारा तो वेगळा भाग, म्हणजे इंजिन, १२४००मध्ये एक आहे आणि १४७००मध्ये दोन. म्हणजे दोन वर्षांनी तुम्ही नुसते कोअर वाढवत नाही, तुमच्या नेमक्या कामाचीही क्षमता वाढवता. मधला पर्याय हवा असेल तर आय५-१४५०० आहे, १४ कोअर आणि दोन इंजिनं.

आता विजेचं गणित. पूर्ण जोर लावला की इंटेलच्या आकड्यांप्रमाणे आय५-१२४०० जास्तीत जास्त ११७ वॉट घेतो, आय५-१४५०० १५४ वॉट आणि आय७-१४७०० २१९ वॉट. खोक्यावर तिघांच्याही नावापुढे ‘६५ वॉट’ छापलेलं असतं, तो आकडा प्रोसेसर त्याच्या मूळ, कमी वेगाने चालतानाचा आहे. त्यावर जाऊ नका. एसएमपीएस बोर्डाला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा व्होल्ट. सव्वा व्होल्टने २१९ वॉट पोचवायचे म्हणजे पावणेदोनशे अँपिअर करंट! न्हाणीघरातला २००० वॉटचा गीझर नऊ अँपिअरच्या आत असतो. एवढा करंट सॉकेटच्या कडेला ओळीने बसवलेल्या नखाएवढ्या चिपा आणि त्यांच्याशेजारचे चौकोनी ठोकळे हाताळतात. याला व्हीआरएम म्हणतात. चांगल्या बोर्डावर त्या चिपांवर ॲल्युमिनियमचे जाड हीट सिंक बसवलेले असतात. स्वस्त बोर्डावर त्या उघड्याच असतात.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या स्टुडिओसाठी मी स्वतः असाच मोठा प्रोसेसर एका उघड्या व्हीआरएमच्या बोर्डावर बसवला होता. बोर्डाच्या वेबसाइटवरच्या यादीत त्या प्रोसेसरचं नाव होतं, मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं, सगळे खूश. एप्रिलमध्ये फोन आला की एक्स्पोर्ट पहिली दहा मिनिटं वेगात होतो आणि मग रखडतो. जाऊन पाहिलं तर प्रोसेसर थंड होता. पण सॉकेटच्या डाव्या बाजूला हात नेला तर बोटं ठेवता येईनात. चिपा तापल्या की बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग खाली आणत होता. मालकाने ज्या वेगाचे पैसे मोजले होते, तो त्याला पूर्ण एक्स्पोर्टभर कधीच मिळाला नाही. बोर्ड बदलावा लागला आणि त्याचे पैसे मी दिले, कारण यादीवर विश्वास ठेवायचा निर्णय माझा होता. यादीत नाव आहे म्हणजे प्रोसेसर चालू होईल, एवढंच त्यातून कळतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुकानाच्या मागच्या खोलीत तो तासभर दमाने चालेल का, हे ती यादी सांगत नाही.

म्हणून एच६१० नको. एच६१० वाईट आहे असं मी म्हणत नाही. बिलिंगच्या काउंटरला, मुलांच्या अभ्यासाला ते छान चालतं. पण त्यावरचे बहुतेक बोर्ड किंमत कमी ठेवण्यासाठी केलेले असतात : व्हीआरएम बारीक, रॅमचे खण फक्त दोन, आणि प्रोसेसरला थेट जोडलेला एसएसडीचा वेगवान मार्ग त्या चिपसेटवर (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपवर) नाही. तुम्हाला बी७६० चिपसेटचा बोर्ड हवा, आणि तो डीडीआर४ रॅमचा. बी७६०चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही रूपांत येतात आणि नावं इतकी सारखी असतात की खोकं हातात घेऊन वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. डीडीआर४च्या बोर्डाच्या नावात बहुधा ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ लिहिलेलं असतं. एका प्रकारची रॅम दुसऱ्याच्या खणात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते.

डीडीआर४चा आग्रह का, तर तुमच्याकडे १६ जीबी आधीच आहे. २०२५ च्या शेवटाकडे मेमरीचे भाव ज्या वेगाने चढले ते पाहता ही घरची शिदोरी टाकून देणं मला पटत नाही. तुमची रॅम जुन्या वेगाची आहे, नव्या बोर्डावर थोडी संथ वाटेल, पण काम चालेल. बोर्ड चार खणांचा घ्या, म्हणजे पुढे दोन पट्ट्या वाढवता येतील. नव्या पट्ट्या वेगवान असल्या तरी सगळ्या जुन्यांच्याच वेगाने धावतील, हे मात्र लक्षात असू द्या.

बी७६०मध्येही डावं-उजवं आहे. चिपसेटचं नाव एकच असतं, पण तीन-चार हजारांच्या फरकात व्हीआरएम पूर्ण वेगळं. खोक्यावर ‘१२+१+१ फेज’ असे व्हीआरएमच्या भागांचे आकडे ठळक छापतात. त्या आकड्यापेक्षा फोटो बघा. बोर्ड उभा धरला की सॉकेटच्या डाव्या बाजूला आणि वरच्या बाजूला, दोन्हीकडे धातूचे हीट सिंक हवेत. प्रोसेसरच्या विजेसाठी निदान पूर्ण ८ पिनांचा कनेक्टर हवा. मग त्याच मॉडेलची, नाव अक्षरशः जुळवून, एखादी चाचणी शोधा ज्यात आय७ किंवा आय९ अर्धा तास पूर्ण जोरात चालवून व्हीआरएमचं तापमान मोजलंय. हा अर्धा दिवस खर्च करा. मी मुद्दाम एकाच मॉडेलचं नाव देत नाही, कारण दुकानात ते मिळालं नाही की ‘तसंच दुसरं’ म्हणून जे समोर येतं, ते तसंच नसतं.

तुमच्या भाच्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. निव्वळ प्रोसेसर बदलत राहण्याच्या दृष्टीने आज एएम५ला तोड नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ते रायझन ७००० बरोबर आलं, २०२४ मध्ये त्याच सॉकेटवर ८००० आणि ९००० मालिका आल्या, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही हे सॉकेट चालवू असं एएमडीने जाहीर केलंय. कंपनीचा पूर्वेतिहासही चांगला आहे. आधीच्या एएम४ सॉकेटचे २०१७ सालचे कितीतरी बोर्ड २०२२ मध्ये बायॉस अपडेटनंतर रायझन ५००० चालवू लागले. पाच वर्षांपूर्वीच्या बोर्डावर त्यातलाच ५८००एक्स३डी प्रोसेसर बसवून लोकांनी मशीनचा जणू कायापालट केला. पण तो रस्ताही सरळ नव्हता. मे २०२० मध्ये एएमडीने सांगितलं होतं की रायझन ५००० फक्त ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालेल. ग्राहक खवळले, आणि त्याच महिन्यात कंपनीने बी४५० आणि एक्स४७० या आधीच्या बोर्डांनाही मुभा दिली. जुन्या बोर्डांवरची बायॉसची चिप १६ एमबीची, सगळ्या पिढ्यांची माहिती तीत मावेना, म्हणून नव्या प्रोसेसरना जागा करायला काही बोर्डांनी जुन्यांची नावं काढून टाकली. वचन सॉकेटचं असतं, पण ते तुमच्यापर्यंत पोचतं बोर्ड बनवणाऱ्याच्या बायॉसमधून. म्हणून एएम५ घेणाऱ्याने बिनाप्रोसेसर बायॉस अपडेट करता येणारा बोर्ड घ्यावा. मागच्या बाजूला एक छोटं बटण आणि खूण केलेला यूएसबी पोर्ट असतो. पेन ड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करून, फाइलला कंपनीने सांगितलेलं नाव देऊन त्यात लावायचा आणि बटण दाबायचं. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही.

मग तुम्हाला एएम५ का नाही सांगत? कारण रायझनमधल्या ग्राफिक्सला तुमचं ४:२:२ उलगडता येत नाही. एएम५ घेतलं तर डीडीआर५ रॅम नवी आणि शिवाय आरटीएक्स ५० मालिकेचं कार्डही नवं. तिन्ही खर्च एकाच दिवशी. तुमच्या जागी रॅम शून्यातून घेणारा, पुढची सात-आठ वर्षं दर दोन वर्षांनी काहीतरी बदलण्याची हौस असणारा माणूस असता, तर मी डोळे झाकून बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा एएम५ बोर्ड सांगितला असता. भाच्याला स्वतःसाठी घ्यायचं असेल तर त्याला माझ्यातर्फे एएम५च सांगा. फक्त स्वस्त दिसतो म्हणून ८५००जी प्रोसेसर घेऊ नकोस म्हणावं, त्यावर ग्राफिक्स कार्डला पीसीआयईच्या चारच लेन, म्हणजे माहिती ये-जा करायच्या वाटा, मिळतात.

एलजीए १७००ची कमतरताही स्पष्ट सांगतो. हा रस्ता पुढे बंद आहे. इंटेलने ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रासाठी एलजीए १८५१ आणलं आणि तिथे डीडीआर५ लागतेच. म्हणजे १४७०० हे तुमचं शेवटचं स्टेशन. ते आजच अस्तित्वात आहे, त्याची चाचणी झालेली आहे, कुणाच्या भविष्यातल्या वचनावर ते टांगलेलं नाही, ही जमेची बाजू. पण बंद पडलेल्या सॉकेटचे वरचे प्रोसेसर दुकानातून हळूहळू नाहीसे होतात आणि जुन्या बाजारात भाव धरून बसतात. तुमच्या ७४००च्या बोर्डावर चालणारा आय७-७७०० पाहा, चारच कोअरचा, तरी कितीतरी वर्षं त्याचा भाव उतरायला तयार नव्हता. तेव्हा ‘दोन वर्षांत’ म्हणजे खरोखर दोन वर्षांत. पुढच्या तुळशीच्या लग्नानंतरच्या सीझनची कमाई हाती आली की पहिला खर्च हाच करा. ते जमणार नाही असं आतून वाटत असेल तर आत्ताच थोडी ओढाताण करून आय५-१४५०० घ्या आणि बदलण्याचा विचारच सोडून द्या. प्रामाणिकपणे सांगतो, बदलू म्हणून महागडा बोर्ड घेणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे काहीच बदलत नाहीत, आणि तो जास्तीचा पैसा बोर्डातच पडून राहतो.

तेराव्या-चौदाव्या पिढीचा मोठा प्रोसेसर सेकंड हँड घेऊ नका. हे मी एरवी सांगत नाही, जुना प्रोसेसर ही सहसा सगळ्यात भरवशाची जुनी वस्तू असते. पण या दोन पिढ्यांच्या मोठ्या प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते कायमचे कमजोर होत असल्याचं उघड झालं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने त्यावर सुधारणा दिली, ०x१२९ नावाची, आणि पुढे ०x१२बी. ती बायॉस अपडेटमधून येते. खोकाबंद विकलेल्या अशा प्रोसेसरची वॉरंटीही २ वर्षांनी वाढवून ५ वर्षं केली. पण सुधारणेआधी जे नुकसान झालं ते भरून येत नाही, आणि विकणाऱ्याने कोणत्या बायॉसवर तो चालवला हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. नवा, खोकाबंद, बिलासकट घ्या, आणि बसवण्याआधी बोर्डाचं बायॉस ताजं करा. बाराव्या पिढीला हा आजार नाही, त्यामुळे आजचा १२४०० निर्धास्त घ्या.

बायॉस अपडेट करताना वीज गेली तर बोर्ड मुका होऊ शकतो. यूपीएसवर करा, आणि आधी यूपीएसची बॅटरी खरंच धरते का ते प्लग काढून बघा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. बायॉस किंवा प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि त्या क्षणी ती बंद मशीनच्या आत असून उपयोग नसतो. विंडोजवरून आठवलं : तुमच्या ७४००ला विंडोज ११चा अधिकृत पाठिंबा नाही, आणि विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बदल तुम्हाला तसाही करायचाच होता. जुन्या मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स बोर्डाला बांधलेलं असतं. नव्यावर ते चालेल असं गृहीत धरू नका, खर्चात धरा.

जुना कूलर नव्या सॉकेटवर बसणार नाही, भोकांमधलं अंतर वेगळं आहे. १२४००च्या खोक्यात कूलर येतो आणि तो पुरतो. १४७००ला मात्र चांगला टॉवर कूलर वेगळा घ्यावा लागेल. एसएमपीएस आठ वर्षांचा असेल तर त्याला निरोप द्या, त्यात काटकसर नको. मोठा प्रोसेसर बसवल्यावर बायॉसमध्ये ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा, आणि मार्च ते मे त्याची मर्यादा १२५ वॉटवर आणून ठेवा. एक्स्पोर्टला थोडा जास्त वेळ लागेल, पण बोर्ड आणि पंखा दोघांनाही श्वास घेता येईल.

मशीन जोडून झाल्यावर एक काम हमखास राहून जातं. ग्राफिक्स कार्ड लावलं की बरेच बोर्ड प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, म्हणजे ज्यासाठी ‘एफ’ नसलेला प्रोसेसर घेतला तेच झोपलेलं राहतं. बायॉसमध्ये ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा ‘इंटर्नल ग्राफिक्स’ अशा नावाची सेटिंग असते, ती चालू करा. मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दोन ग्राफिक्स दिसतील. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली हार्डवेअर डिकोडिंगला इंटेल निवडा, मित्राची एक ४:२:२ क्लिप टाइमलाइनवर टाका आणि टास्क मॅनेजर शेजारी उघडा ठेवा. इंटेलच्या ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख वर चढला की काम झालं.

आणि हे सगळं होईपर्यंत हातातली लग्नं अडकायला नकोत, म्हणून आज रात्रीपासूनच प्रॉक्सी वापरा. प्रीमियरमध्ये क्लिपा निवडून उजवं क्लिक, ‘प्रॉक्सी’, ‘क्रिएट प्रॉक्सीज’. कमी आकाराच्या प्रती बनायला तुमच्या जुन्या मशीनला रात्रभर लागेल, पण सकाळी एडिटिंग अडखळणार नाही, आणि शेवटचा एक्स्पोर्ट मूळ फाइलींवरूनच होतो. हळदीच्या एखाद्या छोट्या क्लिपवर आधी करून बघा, म्हणजे एका क्लिपला किती वेळ लागतो त्यावरून पूर्ण लग्नाचा अंदाज येईल.